कातडीतली नळी आणि शालनताईंचा गुडघा

लग्नाकार्यात कोणी मला विचारलं, "तुम्ही नोकरीत नेमकं काय करायचात?" की माझ्या आधी आमचे हे उत्तर देतात. "ती लोकांच्या हातात नळ्या घालायची." विचारणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे नर्स?" आमच्या ह्यांचं उत्तरही ठरलेलं. "नर्स औषध आत घालते. ही आत गेलेलं बाहेर काढायची. आणि बहुतेक वेळा आत काही गेलेलंच नसायचं." एवढं बोलून ते जिलेबीकडे वळतात. माझ्या कामाचं याहून अचूक वर्णन मलाही कधी जमलेलं नाही. पण हे त्यांना सांगण्याइतकी मी अजून म्हातारी झालेले नाही.

आमची प्रयोगशाळा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत होती. एका बाजूला नट-बोल्टचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पशुखाद्याचं गोदाम, मध्ये आम्ही. माधवनगरहून मी स्कूटीवर जायचे. वारा गोदामाकडून असला की बाहेरगावचे तज्ज्ञ नाकाला रुमाल लावून विचारायचे, "इथे आंतरराष्ट्रीय दर्जाचं काम चालतं?" चालायचं. पेंडीचा वास माणसांना येतो, यंत्राला येत नाही.

काम काय, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. मलमाच्या प्रत्येक ट्यूबवर 'खोलवर परिणाम' असं छापलेलं असतं. खोलवर म्हणजे कुठवर, हे कोणी आत जाऊन बघितलेलं नसतं. गोळी घेतली तर रक्त तपासून औषध पोचलं की नाही हे कळतं. मलमाचं काम मात्र कातडीत, ते रक्तात शोधून काय उपयोग? कातडीचा तुकडा काढून बघता येतं, पण एका माणसाचे किती तुकडे काढणार? आणि दुसऱ्यांदा तो माणूस येणार कशाला?

आमच्या भागात आमची पद्धत समजावणं त्यातल्या त्यात सोपं होतं. उसाला पाणी पाजून पाजून रान खारवलं, की शेतकरी जमिनीखाली भोकांच्या नळ्या पुरतो. मातीतलं खारं पाणी नळीत झिरपतं, माती बाहेरच राहते. आम्ही हेच करायचो, रानाच्या जागी हाताची आतली बाजू. शिवणाच्या दोऱ्याएवढी नळी सुईच्या मदतीनं कातडीच्या जाडीतून आडवी ओवायची. एकीकडून आत, थोडी पुढे जाऊन दुसरीकडून बाहेर. सुई काढून घेतली की नळी तिथे राहते. मग नळीतून मिठाच्या पाण्यासारखा द्राव सोडायचा, तोही इतका सावकाश की तासाभरात दोन-तीन थेंब. नळीला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. वरून मलम लावलं आणि त्यातलं औषध खरोखर कातडीत उतरलं, तर ते भोकांतून नळीत शिरतं आणि द्रावाबरोबर पलीकडच्या चिमुकल्या बाटलीत येऊन पडतं. ती बाटली यंत्रात घातली की औषध किती ते समजतं. याला मायक्रोडायलिसिस म्हणतात. कुपवाडचे रिक्षावाले 'हातात नळी घालत्यात ती कंपनी' म्हणायचे, आणि पाहुण्यांना बरोबर दारात आणून सोडायचे.

ऐकायला भयंकर वाटतं, पण आधी बर्फानं जागा बधिर केलेली असते. दुखतं ते सुई शिरताना, तेही मुंगी चावल्याएवढं. खरा त्रास पुढचा. हात उशीवर ठेवून अख्खा दिवस बसून राहायचं. नाश्ता, जेवण, चहा सगळं जागेवर मिळतं, पण तो हात हलवायचा नाही. आपल्या माणसाला सुई चालते, गप्प बसणं चालत नाही. बोलताना हात न हलवणारा माणूस मला सांगली जिल्ह्यात फार उशिरा भेटला.

सुरुवातीला एक पैलवान आले होते. दंड असे की आमची उशी त्यापुढे पानाच्या डब्यासारखी दिसत होती. "टोचा बिनधास्त," म्हणाले, सुई बघितली आणि खुर्चीसकट आडवे झाले. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "तालमीत सांगू नका." मी अजून सांगितलेलं नाही. हळदीच्या पेठेतले एक हमाल आले, त्यांची वेगळीच तऱ्हा. सुई टोचली की कातडी लाल होते, तो लालपणा ओसरेपर्यंत तास-दोन तास थांबावं लागतं, कारण चिडलेल्या कातडीचं उत्तर धरायचं नसतं. पण यांचा हात कोपरापर्यंत इतका पिवळा की लाली ओळखूच येईना. आमच्या डॉक्टरांनी तो भिंगातून बघितला, दिव्याखाली बघितला, शेवटी त्यांनाच विचारलं, "काका, आता लाल वाटतोय का?" काका म्हणाले, "सायेब, माझा हात कसला हाय ह्येच मी इसरलोय." त्यांना दुप्पट चहा पाजून परत पाठवलं.

मग कोणीतरी सुचवलं, साताऱ्याकडच्या माजी सैनिकांना बोलवा. तिथून आमच्या कामाला दिवस चांगले आले. ही माणसं सांगितलेल्या वेळेच्या आधी फाटकात उभी असायची. हात ठेवा म्हटलं की ठेवला. हलवू नका म्हटलं की माशी बसली तरी नजरेनंच तिला हाकलायचे. काय खाऊ नये, काय लावू नये याच्या सूचनांचा कागद दिला की तो घडी घालून खिशात, आणि त्यातली प्रत्येक ओळ पाळलेली. मला वाटायचं, असे स्वयंसेवक मिळाले तर चूक होणारच नाही. माणसानं असं कधी वाटून घेऊ नये.

आता आनंदरावांकडे येते. आनंदरावांचा कुपवाडातच छोटा कारखाना होता आणि त्यांचं सांधेदुखीचं जेल आमच्या तीन-चार तालुक्यांत खपायचं. गावागावांच्या भिंतींवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'थेट हाडापर्यंत'. गृहस्थ मनाचा मोकळा, बोलणं मोठं, आणि स्वतःच्या मालावर श्रद्धा इतकी की बैठकीला बसण्यापूर्वी कपाळाला जेल चोळायचे. त्यामुळे चर्चेत सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी यायचं. त्यांना मोठ्या बाजारात उतरायचं होतं, आणि तिथे 'हाडापर्यंत'चा पुरावा मागितला होता.

"बाई, पुरावा तर माझ्या आईनंच दिलाय," ते म्हणाले. "तरी तुमच्या मशीनकडून एकदा वदवून घ्या."

"आनंदराव, आमची नळी कातडीत असते. हाडाचं आम्हाला काही सांगता येणार नाही."

"कातडीत गेलं की हाड काय लांब हाय व्हय?" ते म्हणाले आणि पेढ्याचा बॉक्स पुढे सरकवला.

या अभ्यासासाठी जे स्वयंसेवक आले, त्यांत सातारा तालुक्यातल्या एका गावचे सुभेदार जाधव होते. पेन्शनीत आलेले, सत्तावन्न-अठ्ठावन्नचे, मिशा अजून नोकरीत असल्यासारख्या. बाकीचे लोक विचारायचे, दुखेल का, सुटी किती वेळात मिळेल. सुभेदारांनी वेगळंच विचारलं.

"मॅडम, ह्ये मलम आत जातं का न्हाई, ह्ये तुमाला नक्की कळतंय?"

"नक्की कळतं."

"मग माझा हात घ्या. एक कशाला, दोनी घ्या."

मी कारण विचारलं तेव्हा ते खुर्चीत सरळ बसले आणि अहवाल दिल्यासारखं सांगू लागले. "आमच्या मंडळीचे दोनी गुडगे गेल्यात. दारातली पायरी उतरायची तर भित्तीला धरून. मिरजेच्या डॉक्टरनी फोटो काडला, म्हनले आप्रेशन करा. आनी उशीर केला तर पाय वाकडा हुईल, मग आमच्या हातात बी काय ऱ्हानार न्हाई. पैशाचं म्हनाल तर आमा माजी सैनिकांची सोय हाय. पन ही ऐकत न्हाई. म्हनती, मला मलमानं गुन येतुया. ह्येच मलम, रोज सांजच्याला मीच चोळतु. तुमी एकदा कागदावर द्या, की ह्ये वरच्या वर ऱ्हातं. मंग बगतो कशी न्हाई म्हनती."

म्हणजे एकाच जेलवर दोन माणसांनी डाव लावलेला. आनंदरावांना ते आत जायला हवं होतं आणि सुभेदारांना ते बाहेर राहायला. निकालावर डोळा ठेवून असलेला माणूस घ्यावा की नाही, यावर आमच्यात थोडी चर्चा झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, माणसाला मत असतं, कातडीला नसतं. आम्ही त्यांना घेतलं.

तारीख पडली ती नेमकी दिवाळी संपता संपता. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, आधीचा आठवडाभर हाताला तेल, साबण, मलम, पावडर काही लावायचं नाही. दिवाळीत असला कागद पाळायला सैनिकच हवा. सुभेदार ठरल्या वेळी फाटकात हजर. हात तपासताना मीच म्हणाले, "वा सुभेदार, हात काय सुरेख ठेवलाय!" कातडी एकदम तुकतुकीत होती. ते नुसते मिशीत हसले. नळी ओवली, लाली ओसरेपर्यंत थांबलो, जेल लावलं, आणि ते संध्याकाळपर्यंत पुतळ्यासारखे बसले.

बाटल्या यंत्रातून निघाल्या. बाकी सगळ्यांच्या हाती जवळपास काही नाही. एखाददुसऱ्याच्या बाटलीत नावापुरता अंश, तोही आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही. आणि सुभेदार जाधवांच्या बाटल्यांत औषध असं की मला वाटलं, कोणी जेलच बाटलीत पिळलं. यंत्र पुन्हा चालवलं. तेच. नळी फार वर बसली होती का, म्हणून सोनोग्राफीतली खोली पाहिली. नळी जागच्या जागी होती.

आनंदरावांना बातमी कशी लागली देव जाणे, पण ते दुसऱ्याच दिवशी हजर झाले. "बगा, म्या म्हनलं हुतं का न्हाई! आता सगळ्यांची सरासरी काडा."

"आनंदराव, दहा जण उपाशी आणि एकानं सगळ्यांचं जेवण खाल्लं, तर सरासरीनं सगळे जेवलेलेच असतात."

"मग जेवलेच की! त्या सुभेदाराचा फोटो मिळंल का? ट्यूबवर छापू. वर्दीतला असंल तर लय झकास."

मी फोटो देण्याऐवजी सुभेदारांना फोन लावला. निकाल सांगितला नाही, फक्त विचारलं की हाताला काही लावलं होतं का. त्यांचा आवाज एकदम कडक झाला. "मॅडम, हुकमाबाहेर एक गोष्ट केली न्हाई. तेल न्हाई, साबन न्हाई, मलम न्हाई, पावडर न्हाई. दिवाळीची आंगुळ सुदिक सोडली. हिनं चार दिस अबोला धरला त्यापायी."

मागून बाईमाणसाचा आवाज आला. "आवं, फोन हिकडं द्या. बाई, म्या ह्येंची मंडळी, शालन. तुमच्या कागदापायी ह्या मानसानं नरकचतुर्दशीला आंगाला पानी लावलं, पन तेलात कालवल्यालं उटनं न्हाई. त्या दिशी उटनं न लावता ऱ्हायलेला मानूस नरकात जातुया, तुमाला म्हाईत न्हाई व्हय? म्या म्हनलं, जाऊ द्या, कागद महत्त्वाचा. पन तुमच्याकडं यायच्या दिशी पाटं मी त्येंचा हात धरला. तेल न्हाई लावलं हां! नुसतं उटनं दुधात कालवलं आनी घोसाळ्याच्या जाळीनं मनगटापासनं कोपरापातुर घासून काडलं. चार शिकल्याली मानसं हात हातात घिऊन बगनार. काळं कोपार बगून काय म्हनली असती?"

मी डोक्याला हात लावला. आमच्याकडे कातडीच्या सर्वांत वरच्या मेलेल्या थराला फार मान असतो. औषधाला अडवणारं कुंपण ते तेवढंच. आम्ही चिकटपट्टी लावून, ओढून, महत्प्रयासानं ते कुंपण पातळ करण्याचे प्रयोग वाचलेले. शालनताईंनी मसूरडाळ, संत्र्याची साल आणि वाळक्या घोसाळ्याच्या जाळीनं पहाटे ते साफ करून टाकलेलं. आणि सुभेदारांची तरी काय चूक? कागदावर तेल होतं, साबण होता, उटणं नव्हतं. सैनिकानं जेवढं लिहिलंय तेवढंच पाळलं. आमच्या सूचनांचा मजकूर जिथून आला होता, तिथे दिवाळीच नसते.

पण नुसता संशय अहवालात लिहिता येत नाही. नीतिविषयक समितीची रीतसर परवानगी काढून आम्ही सुभेदारांना पुन्हा बोलावलं. एक हात उटण्याचा, एक कोरा. समितीतल्या एका ज्येष्ठ सभासदांनी उटण्यातले घटक बारकाईनं विचारले. मला वाटलं, आक्षेप येणार. त्यांना ते घरी करायचं होतं. ठरल्या दिवशी सुभेदार वर्तमानपत्रात गुंडाळलेलं घोसाळं घेऊन आले आणि दोन्ही हात उशांवर ठेवून दिवसभर बसले. घासलेल्या हातात औषध आलं. कोऱ्या हातात आलं नाही. इतका स्वच्छ निकाल मला नोकरीत क्वचितच मिळाला. त्या दिवशी मी घरी येऊन आमच्या ह्यांना आपण होऊन जेवणानंतर पान लावून दिलं.

अहवालात आम्ही लिहिलं की अखंड कातडीतून हे जेल नगण्य प्रमाणात आत जातं. आनंदरावांनी तो वाचला, कपाळ चोळलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे उटण्याबरुबर जातं! बाई, तुमी माझं कल्यान केलं. जेलवर उटनं मोफत देतो!" दोनच दिवसांत त्यांनी प्रयोग स्वतःच्या मांडीवर केला. घासलेल्या कातडीवर त्यांच्या जेलातला पुदिन्याचा अर्क असा काही लागला की ते तासभर पंख्याखाली उभे होते म्हणे. योजना बारगळली. पुढे भिंतींवरचं 'थेट हाडापर्यंत' पुसलं गेलं आणि तिथे 'लावताच थंडावा' आलं. हे मात्र शंभर टक्के खरं होतं, आणि माझ्या नोकरीमुळे जगात एक तरी भिंत खरी बोलायला लागली, याचा मला अभिमान आहे.

सुभेदारांना मी निकाल कळवला तेव्हा वाटलं, त्यांचा डाव जिंकला. आठ-दहा दिवसांनी त्यांचा फोन आला.

"मॅडम, तुमी लय घोळ केला."

"काय झालं?"

"ही म्हनती, बगा, घासून लावलं की जातंय आत. मशीनच सांगतंय. आता रोज सांजच्याला आदी घोसाळं, मंग मलम. गुडगे लाल झाल्यात, आग हुतीया, तरी म्हनती आग हुतीया म्हंजे लागू पडतंय. आप्रेशनचं नाव काडलं तर तुमचाच निकाल माझ्या तोंडावर मारती. डॉक्टरनी परवा पुन्ना फोटो काडला. म्हनले, आता फार थांबू नका."

माझ्या निकालाचे अनेकांनी अनेक अर्थ लावले आहेत, पण माझ्या निकालामुळे एखाद्या बाईचा पाय वाकडा व्हायची वेळ याआधी आली नव्हती. मला फोनवर ते समजावणं जमेना. रविवारी मी साताऱ्याची एसटी धरली.

घर नवीन स्लॅबचं, दारात मोठी पायरी. शालनताई ओट्याशी उभं राहून काहीतरी करत होत्या, मला बघून भिंत धरत धरत पलंगापर्यंत आल्या. चार पावलांना त्यांनी तीनदा ओठ चावला. पाय गुडघ्यापासून थोडा बाहेरच्या अंगाला झुकायला लागला होता, हे मलाही दिसलं. चेहरा मात्र हसरा, आवाज खणखणीत.

"या बाई, बसा. तुमच्यामुळं ह्यो मानूस आता दोन दोन घटका माज्यापाशी बसतुया. आदी घोसाळं, मंग मलम."

मी घोसाळ्याचा विषय लगेच हातात घेतला. जेवढं सोपं करता येईल तेवढं सोपं करून सांगितलं. आमची नळी कातडीत असते. कातडी म्हणजे भाकरीचा पापुद्रा, आणि दुखणारा सांधा चुलीच्या तळाशी. पापुद्रा भिजला म्हणून तळ भिजत नाही. घासून जे आत जातं ते पापुद्र्यापुरतं, आणि घासून कातडी सोलवटली तर उद्या डॉक्टर ऑपरेशनलाच हात लावणार नाहीत. सुभेदार दारात हाताची घडी घालून ऐकत होते आणि प्रत्येक वाक्याला "ऐकलं?" म्हणत होते. शालनताई शांतपणे मान डोलवत होत्या. माझं बोलणं संपलं तशा म्हणाल्या, "आवं, बाई लांबनं आल्यात. चा टाका की."

सुभेदार आत गेले. स्टोव्हचा आवाज सुरू झाला तशा शालनताई माझ्याकडे सरकल्या.

"बाई, गुडगा कुनाचा हाय? माजाच न्हवं? मंग आत काय जातंय आनी काय न्हाई, ह्ये मला म्हाईत नसंल व्हय?"

"म्हणजे मलमानं बरं वाटत नाही?"

"थंड लागतंय घटकाभर. बास." त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. "ह्येंची सारी नोकरी गेली सरहद्दीवर. वर्सातनं एकदा रजेवर यायचं, त्यात बी निम्मी रजा शेताच्या कामात. म्या म्हनायची, असू दे, पेन्शनीत आलं की बसू दोगं. पेन्शनीत आलं. सकाळच्याला सोसायटी, दुपारच्याला माजी सैनिकांची मीटिंग, रातच्याला त्यो मोबाइल. सांजच्याला मलम लावायला तेवडं बसत्यात. हात चालू असला की त्येंच्या तोंडातनं शबूद निगतुया. बर्फात कसं ऱ्हायचं, कुनाचं पाय गळालं, समदं सांगत्यात. एवड्या वर्सात मला ठावं नव्हतं त्यातलं काय. आप्रेशन झालं, गुडगा बरा झाला, की ह्यो मानूस उटून चालला पारावर. मंग मी चांगल्या पायानं करू काय?"

रडू आलं नाही, राग आला. यंत्राचा, आनंदरावांचा, सुभेदारांचा, आणि सगळ्यात जास्त माझा. समिती, सोनोग्राफी, घोसाळं, दोन हातांचा प्रयोग, एवढा सगळा पसारा करून आम्ही सगळे मलम कुठवर पोचतं हेच मोजत बसलो होतो. ही बाई इतके दिवस दुखऱ्या पायावर उभी होती ती कशासाठी, हे विचारायला आमच्यात कोणालाच सुचलं नव्हतं. इतकी माणसं माझ्यासमोर दिवस दिवस हात ठेवून बसली. त्यांनी हात हलवू नये म्हणून मी त्यांना बोलूही दिलं नाही, याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

आत कप वाजले. वेळ थोडा होता. माझ्या आईचे गुडघे बदलले होते, त्यामुळे त्या नंतरच्या दिवसांची मला पक्की माहिती होती. मी म्हणाले, "शालनताई, ऑपरेशननंतर काय करावं लागतं, हे डॉक्टरांनी सांगितलंय का तुम्हाला?"

"काय करायचं? पडून ऱ्हायचं."

"पडून कसलं! पाय वाकवून घ्यावा लागतो. रोज, सकाळ-संध्याकाळ. एकटीला जमत नाही, घरच्या माणसानं शेजारी बसून हाताचा आधार देऊन वाकवायचा. मग हात धरून चालवायचं. घरात, मग अंगणात, मग रस्त्यावर. मलमासारखं उरकता येत नाही. आमच्या वडिलांना आईपासून उठायला फुरसत नव्हती."

त्या सावध झाल्या. "किती दिस?"

"दिवस कुठले? महिने."

"म्हैने?"

"हो. आणि मग दुसरा गुडघा. तो झाला की पुन्हा पहिल्यापासून."

शालनताईंनी पदर खांद्यावर नीट घेतला, पाय पलंगावर सारखा केला आणि आतल्या दाराकडे बघून हाक मारली. "आवं! चा ऱ्हाऊ द्या थोडा. आदी त्या मिरजेच्या डॉक्टरला फोन लावा. तारीख कवाची मिळती इचारा."

सुभेदार हातात गाळणी घेऊनच बाहेर आले. गाळणीतून फरशीवर चहा ठिबकत होता. त्यांनी बायकोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या मिशा थरथरल्या. "पटलं? मॅडम, मशीनचं पटलं हिला?"

मी तोंड उघडलं, पण शालनताईच बोलल्या. "पटलं की. मशीन खोटं कशाला बोलंल?"

सुभेदार फोन शोधायला वळले तशी त्यांनी उशाखालची ट्यूब काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

"फोन लावा," म्हणाल्या, "पन आजचं तेवडं चोळून जावा."